जळालेल्या उडवीचे देणे

प्रश्न : पत्रलेखक ६८ वर्षांचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले, गृहस्थ आहेत. निवृत्तीनंतर ते ठाण्यात राहतात. रायगड जिल्ह्यातल्या मूळ गावी त्यांचे घर, थोडी भातशेती आणि पाच गुंठ्यांची आंब्याची बाग आहे. २७ वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, त्यांनी भर दुपारी राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार करायची जमीन) भाजायला घेतला आणि चहा प्यायला म्हणून ते घरात गेले. तेवढ्यात वाऱ्याने ठिणगी बांधापलीकडे शेजाऱ्याच्या खळ्यात नेली. पेंढ्याची उडवी जळाली, तिच्याखाली सारून ठेवलेले दोन लाकडी नांगर आणि एक जू जळाले, कडेची आंब्याची तीन तरणी कलमे होरपळून मेली. त्या दिवशी आजूबाजूला आणखी चार ठिकाणी राब भाजत होते, त्यामुळे आग कुठून आली हे कोणाला कळले नाही. शेजाऱ्याने संध्याकाळी विचारले, तेव्हा ते "देवाशपथ, मला काही ठाऊक नाही" असे म्हणाले. संशय शेजाऱ्याच्या विडी ओढणाऱ्या गड्यावर गेला आणि त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढण्यात आले. शेजारी ९ वर्षांपूर्वी वारले. त्यांची पत्नी आणि दोन मुलगे गावीच आहेत. गडी हयात आहे, जवळच्या वाडीत राहतो, आता थकला आहे.

ते लिहितात : "दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूर या क्षमायाचनेच्या दिवशी, दरवर्षी उपास करतो, पण त्या धुराचा वास नाकातून जात नाही. तोरा या आपल्या धर्मग्रंथात दुप्पट भरपाई सांगितली आहे आणि 'आपल्या शेतातले उत्तम ते द्यावे' असेही म्हटले आहे, म्हणून बाग शेजाऱ्याच्या मुलांच्या नावे करावी असे मनात आहे. पत्नी हे ऐकून रडते. मुलगा म्हणतो, मुदत केव्हाच संपली, वारा काय तुम्ही सोडला होता, आता गप्प बसा. बहीण म्हणते, सिनेगॉगला देणगी द्या, मलिदा (नवसाचा गोड प्रसाद) करा आणि मन मोकळे करा. मी काय करावे?"

उत्तर :

आदरणीय काका,

मी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, नाही, त्यामुळे धर्मनिर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. तो हवा असेल तर आपल्या समाजातल्या जाणत्यांना अवश्य विचारा. पण नुकसानभरपाईविषयीचा प्राचीन हिब्रू कायदा मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे. तुमचे पत्र वाचताना सतत वाटत होते, की तुमच्या घरातले चारही जण, म्हणजे तुम्ही, काकू, मुलगा आणि बहीण, त्या कायद्याच्या कुठल्या ना कुठल्या ओळीपाशी उभे आहात. फक्त ओळी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या आधी सोडवून घेऊ.

सुरुवात मुलाच्या म्हणण्यापासून करतो, कारण ते वाटते तितके उथळ नाही. मुदतीबाबत तो बरोबर आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा भरपाईच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे आज तुमच्यावर कोणी दावा लावील असे नाही. मात्र मुदत संपली म्हणजे शेजाऱ्याने न्यायालयात जाण्याचा मार्ग संपला. तुमचे देणे फिटले असा त्याचा अर्थ होत नाही, आणि तुम्ही तर देण्याविषयी विचारत आहात.

वाऱ्याचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातले सहावे वचन जणू तुमच्याच खळ्यासाठी लिहिले आहे : आग काटेरी झुडपांना लागून पसरली आणि तिच्यात दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या, उभे पीक किंवा शेत जळाले, तर आग लावणाऱ्याने भरून द्यावे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायद्याच्या संहितेमध्ये बाबा कम्मा नावाचा ग्रंथभाग आहे. नावाचा अर्थ 'पहिला दरवाजा'. त्यात नुकसानाची चार मूळ रूपे सांगताना पेटती आग हे एक रूप धरले आहे. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की एकाने आग आणली, दुसऱ्याने लाकडे आणली आणि ती वाऱ्याने भडकवली, तर सगळे सुटले. तुमच्या मुलाचे म्हणणे नेमके हेच आहे. पण मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ असलेल्या ताल्मूदमधल्या पंडितांनी इथे वाऱ्याचेच दोन प्रकार केले : नेहमी सुटणारा वारा आणि कधी नव्हे तो आलेला वारा. कोणाच्या कल्पनेतही नसलेल्या वादळाने ठिणगी नेली तर माणूस सुटतो. नेहमीच्या वाऱ्याने नेली तर सुटत नाही, कारण आग लावताना तो वारा त्याने हिशेबात धरायलाच हवा होता. आता तुम्हीच सांगा, एप्रिलमधल्या दुपारी कोकणच्या किनाऱ्यावर खारा वारा सुटतो हे तुमच्या आजोबांना माहीत नव्हते का? राब सकाळी, वारा पडलेला असताना भाजतात आणि तो विझेपर्यंत माणूस हातात ओला डहाळा घेऊन कडेला उभा राहतो. रब्बी योहानान यांचे मत होते की माणसाची आग ही त्याने सोडलेल्या बाणासारखी असते. त्यांचे मेहुणे रेश लाकिश यांना ते पटले नाही. त्यांच्या मते आगीची जबाबदारी ही आपल्या बैलासारख्या मालमत्तेची जबाबदारी आहे. वाद मोठा सूक्ष्म आहे, पण चहाला गेलेला माणूस दोघांच्याही मते जबाबदारच ठरतो. तेव्हा मुलाला सांगा, वारा मी सोडला नव्हता, पण तो येणार हे मला ठाऊक होते.

हे झाले तुम्ही देणे लागता की नाही याबद्दल. किती लागता, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे मला तुम्हालाच थांबवावेसे वाटते.

दुप्पट भरपाई तोरात आहे हे खरे, पण ती चोरासाठी आहे. चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट, कापले वा विकले असेल तर मेंढरामागे चार आणि बैलामागे पाच. आगीच्या वचनात पट नाही. जेवढे जळाले तेवढे द्यावे, इतकेच आहे. शिवाय दंडाच्या रकमेबाबत ताल्मूदचा नियम असा, की जो आपण होऊन कबुली देतो त्याच्यावर दंड बसत नाही. मुद्दल मात्र द्यावे लागते. ही सवलत मला फार शहाणपणाची वाटते. कबुलीची किंमत भयंकर ठेवली, तर तुमच्यासारखी माणसे सत्तावीस काय, सत्तर वर्षेही तोंड उघडणार नाहीत.

'आपल्या शेतातले उत्तम ते द्यावे' हे वचन आगीच्या आधीचे आहे आणि ते दुसऱ्याच्या शेतात किंवा द्राक्षमळ्यात गुरे चरू देणाऱ्यासाठी आहे. पुढे मिश्नाने ते सगळ्याच नुकसानांना लावले : नुकसानीपोटी जमीन द्यायची झाली तर ती उत्तम प्रतीची असावी. पण यात प्रत ठरवली आहे, प्रमाण वाढवलेले नाही. शंभराचे नुकसान केले तर शंभराचीच जमीन द्यायची, ती खडकाळ कोपऱ्यातली नको, इतकाच त्याचा अर्थ. आणि ताल्मूद पुढे असेही सांगते की हलवता येण्याजोगी कुठलीही वस्तू 'उत्तम'च मानावी, कारण ती इथे खपली नाही तर दुसरीकडे नेऊन विकता येते. म्हणजे रोख पैसे दिलेत तरी त्या वचनाचे पालन होते. बाग देण्याची गरज कायद्याने घातलेली नाही, काका. ती तुमच्या मनाने घातली आहे.

इथे काकूंच्या रडण्याबद्दल बोलायला हवे. बाबा कम्माच्या ताल्मूदमध्ये एक प्रसंग आहे. लुबाडणुकीवर जगलेला एक माणूस पश्चात्ताप करून सगळे परत करायला निघाला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अरे वेड्या, सगळे परत करायचे म्हटलेस तर कमरेचा पट्टासुद्धा तुझा राहणार नाही." आणि तो माणूस मागे फिरला, पश्चात्ताप तिथेच राहिला. पंडितांनी त्या बाईला दोष दिला नाही. उलट, वळू पाहणाऱ्यांची वाट सोपी झाली पाहिजे, असा निष्कर्ष काढला. चोरून आणलेली तुळई इमारतीत बसवली गेली असेल तर काय करावे, यावर शम्मई आणि हिल्लेल या दोन जुन्या आचार्यांच्या परंपरांत मतभेद होता. शम्मईच्या परंपरेचे मत होते की सगळी इमारत पाडावी आणि तुळई मालकाला द्यावी. हिल्लेलच्या परंपरेने म्हटले, तुळईची किंमत द्यावी, इमारत उभी राहू द्यावी. टिकले ते हिल्लेलचे मत. बाग गेली तर काकूंच्या म्हातारपणाची तुळई जाईल, आणि तिचा त्या आगीशी काही संबंध नव्हता. बाग देऊन तुमचे मन हलके होईल, पण त्याची किंमत तुमच्याऐवजी दुसरेच कोणी मोजत असेल, तर ती भरपाई म्हणता येणार नाही. जवळच्या बाबिलोनियात हम्मुराबी राजाच्या कायद्यात असे कलम होते, की ज्याच्या दुर्लक्षामुळे बांध फुटून शेजाऱ्यांचे पीक बुडाले आणि ज्याच्याकडे धान्य भरून देण्याची ऐपत नाही, त्याला त्याच्या चीजवस्तूंसह विकून पैसे वाटून घ्यावेत. हिब्रू कायद्याने ऐपत नसलेल्या चोराला विकण्याची तरतूद ठेवली, पण निष्काळजीपणाने आग लावणाऱ्याला तशी शिक्षा सांगितली नाही. तुम्ही स्वतःला हम्मुराबीच्या कलमाखाली उभे करू नका.

मात्र एक गोष्ट तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकली आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यांत जड आहे : तुम्ही शपथ घेतलीत. तोरातल्याच लेवीय या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात, शेजाऱ्याच्या मालाबाबत खोटी शपथ घेऊन नाकारणाऱ्या आणि मग अपराध कबूल करणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र नियम आहे. त्याने मुद्दल पूर्ण द्यावे, त्यात पाचवा भाग घालावा आणि ज्याचे असेल त्यालाच द्यावे. त्या यादीत ठेव, लूट, सापडलेली वस्तू अशी नावे आहेत, आगीचे नाव नाही. तरीही खोटी शपथ हा त्या नियमाचा गाभा असल्यामुळे तुम्ही हा पाचवा भाग आपणहून द्यावा असे मी म्हणेन. हा पाचवा भाग पंडितांनी मुद्दल धरून होणाऱ्या एकूण रकमेचा मानला आहे, म्हणजे शंभरावर पंचवीस. तुमच्या मनाला काही अधिक द्यायचेच आहे ना? मग ते इतके द्या. ते मोजलेले आहे आणि त्याला कारण आहे.

आता बहिणीचा सल्ला. तो प्रेमापोटी दिलेला आहे, आणि मलिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलिया या प्रेषिताचे, नाव घेऊन बसलेल्या घरांची ऊब मी जाणतो. पण या एका बाबतीत तुमची परंपरा विलक्षण स्पष्ट आहे. यरुशलेमचे मंदिर उभे होते त्या काळी असा अपराधी मेंढा अर्पण करायचा. मिश्ना सांगते, की आधी मालकाचे देणे देऊन मग अर्पण आणले तर तो सुटला. आधी अर्पण आणून मग देणे दिले तर सुटला नाही. क्रम उलटला की अर्पण वाया गेले. इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले, मेंढा राहिला नाही, पण क्रम राहिला. दारफाळणीच्या सणाबद्दलही मिश्नाचे म्हणणे तेच आहे : माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांची क्षमा त्या दिवशी होते, माणूस आणि माणूस यांच्यातल्या अपराधांची होत नाही, जोवर त्या माणसाची समजूत घातली जात नाही. तुमचे सत्तावीस उपास का लागू पडले नाहीत, याचे उत्तर मला इथे दिसते. सार्वजनिक कामाला पैसे देण्याची वाटही परंपरेत आहे, पण ती कोणासाठी? कोणाकोणाला लुबाडले हेच ज्यांना आठवत नाही अशा जकातदारांसाठी. त्यांनी माहीत असलेल्यांना परत करावे आणि उरलेल्या पैशांतून विहिरी-टाकी बांधावीत, म्हणजे ज्याचे घेतले तोही कधीतरी तिथले पाणी पिईल. तुम्हाला तर बांधापलीकडचे घर माहीत आहे.

ते घर ज्यू नाही, मग तोरातले नियम त्यांना लागतात का, असा प्रश्न पत्रात नाही, पण समाजात कोणीतरी तो विचारील म्हणून लिहितो. जुन्या काही कलमांत, विशेषतः बैलाच्या कलमांत, परक्यांबाबत भेद होता हे खरे आहे. तेराव्या शतकातल्या मेईरी या भाष्यकाराने, धर्मनियमांनी बांधलेल्या कोणत्याही समाजाला ते भेद लावू नयेत, असे ठामपणे लिहिले. आणि मिश्नाला जोडून असलेल्या तोसेफ्ता या संग्रहात तर म्हटले आहे, की परधर्मीयाचे लुबाडणे हे स्वकीयाचे लुबाडण्याहून गंभीर आहे, कारण त्यात देवाच्या नावाला बट्टा लागतो. शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ज्या गावांनी तुमच्या पूर्वजांना ओळखले, त्या गावात या वाक्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको.

हिशेबाकडे वळू. १९९०च्या दशकातले भाव शोधत बसू नका, वस्तू मोजा. उडवीत किती भारे पेंढा होता याचा अंदाज त्या वयाचा कोणताही शेतकरी देईल, आणि तेवढ्या पेंढ्याचा आजचा भाव गावात कळेल. कलमांचा हिशेब अवघड आहे. रोपवाटिकेतल्या नव्या कलमाची किंमत दिली तर ती अपुरी, कारण तुमच्या आगीत चार पावसाळे जगलेली झाडे गेली. सत्तावीस वर्षांचे आंबे मोजले तर तो आकडा भलताच होईल. ताल्मूदची रीत मधली आहे. झाड सुटे काढून त्याची किंमत करू नये, साठपट मोठा तुकडा डोळ्यांपुढे धरावा आणि त्या झाडावाचून तुकड्याची किंमत किती उतरते ते पाहावे. कृषी सहायकाला किंवा गावातल्या जाणत्या बागायतदाराला हेच विचारा : अशी तीन तरणी कलमे असलेला आणि नसलेला खळ्याचा तुकडा, यांच्या किमतीत फरक किती?

उरले नांगर आणि जू. इथे मिश्नात मतभेद आहे. सुडीत लपलेली भांडी जळाली तर रब्बी यहुदा म्हणतात, आत होते ते सगळे भरून द्यावे. इतर पंडित म्हणतात, फक्त सुडीचे द्यावे, कारण आत काय आहे हे आग लावणाऱ्याला दिसत नव्हते. निर्णय इतर पंडितांच्या बाजूने गेला. पण काका, तुम्ही पत्रात लिहिले आहे की आदल्याच दिवशी शेजारी ते नांगर उडवीखाली सारताना तुम्ही बांधावरून पाहिले होते आणि "पाऊस लागायच्या आत फाळ बदलून घे" असे त्यांना म्हणालाही होतात. तुम्हाला ते दिसत होते. मी तुमच्या जागी असतो तर नांगरांचे पैसे दिले असते.

आणि आता तो गडी. खरे तर त्याच्याबद्दल सर्वांत आधी लिहायला हवे होते. उडवी शेजाऱ्याची जळाली, पण नाव त्याचे जळाले, आणि त्याला हिब्रू कायद्यातही नेमका भाव नाही. शारीरिक इजेसाठी मिश्ना पाच खाती सांगते : नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम आणि झालेली लाज. केवळ शब्दांनी आलेल्या बदनामीला पैशाचा आकडा लावलेला नाही. तरीही त्या पाचांतली शेवटची दोन खाती मला त्याच्याकडे बोट दाखवताना दिसतात. काम सुटल्यावर तो किती दिवस रिकामा बसला, हे त्याला विचारा आणि तेवढी मजुरी आजच्या दराने द्या. लाजेचे काय करायचे ते मात्र त्यालाच ठरवू द्या. मैमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रकाराने बाराव्या शतकात लिहिले आहे, की पैसे फेडले तरी समजूत घालून क्षमा मागावीच लागते. त्याने नाकारली तर आपले तीन स्नेही घेऊन पुन्हा जावे, आणि असे तीनदा करावे. तो पहिल्या भेटीत तोंड फिरवील, अशी तयारी ठेवा. तसा त्याला हक्क आहे.

शेजाऱ्यांची क्षमा मागणे आता शक्य नाही. मैमोनिडीस सांगतो, की ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे, कबुली द्यावी, आणि पैशाचे देणे वारसांना द्यावे. तुमच्या शेजाऱ्यांना अग्नी दिला गेला, कबर नाही. पण त्यांचे खळे आहे, ओटा आहे. गडी तयार असेल तर त्याला बरोबर घेऊन त्या ओट्यावर जा आणि वहिनींच्या व मुलांच्या समोर, त्याच्या देखत, आग कोणी लावली ते सांगा. गडी नको म्हणाला तर एकटे जा, पण त्याचे नाव निर्दोष म्हणून घ्याच. दहा माणसे त्या वेळी आपोआप गोळा होतील, गाव आहे ते. रक्कम वहिनी आणि दोन्ही मुलांच्या समोर ठेवा, एकट्या थोरल्याच्या हातात देऊ नका. त्यांनी काही सोडून दिले तर मान खाली घालून स्वीकारा. जास्त मागितले, आणि तुमच्या मुलाला तीच भीती असेल, तर गावातली दोन वडीलधारी माणसे बसवून हिशेब कसा केला ते दाखवा आणि दिल्या-घेतल्याची चार ओळींची चिठ्ठी करून दोघांच्या सह्या घ्या. पत्र लिहून, फोनवर सांगून किंवा मुलाला पाठवून हे काम होणार नाही.

क्रम असा ठेवा : आधी काकूंना सांगा की बाग राहते आहे, मग वाडीत जा, मग ओट्यावर. सण भात कापायच्या आधी येतो आणि पेंढ्याचा नवा भाव कापणीनंतर ठरतो, त्यामुळे तोवर थांबावे असे मनात येईल. थांबू नका. गेल्या वर्षीच्या भावाने पैसे घेऊन जा आणि फरक पडला तर तो कापणीनंतर देईन असे त्याच चिठ्ठीत लिहून ठेवा.